आमच्या घरातला पाचवा मेंबर

संडासातली फ्लशची टाकी पहिल्यांदा वाहायला लागली तेव्हा मला वाटलं बाहेर पाऊस लागलाय. जूनचा दुसरा आठवडा, रात्रीचा दीड, बारीकसा सुऽऽऽ असा आवाज, आणि पुण्यात जूनमध्ये असा आवाज आला की माणूस चादर गळ्यापर्यंत ओढतो, प्लंबरला फोन करत नाही. चार रात्री मी त्या पावसात मस्त झोपलो. पाचव्या दिवशी सकाळी बाल्कनीतले कपडे कोरडे ठणठणीत निघाले तेव्हा जरा शंका आली.

मग घरात ज्याने त्याने आपापला उपाय शोधला. आई बटण दोनदा दाबायची, बायको नखाने ते वर उचलायची, मी टाकीला खालून एक बुक्की हाणायचो. कधी थांबायचं, कधी नाही. जे थांबवेल त्याला वाटायचं आपलीच पद्धत बरोबर.

असे दोन महिने गेले आणि सोसायटीची मीटिंग झाली. टँकरचं बिल वाढलंय, कुणाच्या घरी गळती असेल तर कृपया बघा, असं सेक्रेटरी म्हणाले. मान सगळ्यात जोरात मीच हलवली. घरी येऊन टाकीखालचा अँगल कॉक बंद केला आणि जाहीर केलं की आजपासून काम झालं की कॉक बंद, पुढच्याने जाताना उघडायचा, टाकी भरेपर्यंत थांबायचं, आपलं काम करायचं, परत बंद. सहा महिने आम्ही असे जगलो. पाहुणा उठून आत जायला लागला की आमच्यापैकी कुणीतरी त्याच्या मागे जाऊन कॉक दाखवून यायचं. एक लांबचे काका तर ते सगळं ऐकून परत येऊन बसले, म्हणाले राहू दे, घरी जाऊनच बघतो.

शेवटी एका मंगळवारी मी स्वतः दुरुस्त करायचं ठरवलं. व्हिडिओत सांगितलं होतं की टाकीत रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय. रंग कुठला आणणार, दोन चमचे हळद टाकली. आता हे घरात सांगायला पाहिजे होतं, पण तेवढ्यात ऑफिसची मीटिंग सुरू झाली आणि मी लॅपटॉपसमोर जाऊन बसलो.

आधी आई गेली. भांड्यात पिवळं पाणी. तिने सातवीतल्या नातवाला हाक मारून चांगलाच झापला, की फ्लश करायला हात झिजतात का तुझे. तो म्हणाला मी सकाळपासून गेलोच नाहीये, यावर ती अजूनच चिडली. मग बायको गेली, तिने काही न बोलता मूठभर कपड्याची पावडर आत टाकली आणि ब्रश फिरवला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे शर्टाच्या बाबतीत आमच्या घरात सगळ्यांना माहितीये, पण संडासात ते कुणाच्या डोक्यात येणार! पाणी लालभडक. घरात एक मिनिट शांतता. मग माझं दार उघडलं आणि आईने अत्यंत काळजीने विचारलं, "रक्त पडतंय का रे तुला? कधीपासून?"

मी म्यूटवर नव्हतो.

मॅनेजर फार समजूतदार निघाला. म्हणाला दोन दिवस सुट्टी घे, तब्येत आधी. घेतली. काय सांगणार होतो, हळद आहे म्हणून?

चिरंजीव म्हणाले, "बाबा, हळद कशाला, कॉक बंद करून पाणी खाली जातंय का बघायचं ना." मनातल्या मनात त्याला एक शिवी दिली आणि तेच केलं. टाकीत पेन्सिलने रेघ मारली, कॉक घट्ट बंद केला, दहा मिनिटांनी बघितलं तर पाणी रेघेच्या खाली. परत रेघेपर्यंत आणायला एक लिटरचा मग पूर्ण लागला. दहा मिनिटांत एक लिटर, म्हणजे तासाला ६, दिवसाला १४४. आता शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात असा सरकारी हिशोब आहे. म्हणजे आमच्या चौघांच्या घरात पाचवा मेंबर राहत होता, माझ्याहून जास्त पाणी वापरत होता, आणि मेंटेनन्स देत नव्हता. सत्तर दिवसांत दहा हजार लिटरचा अख्खा टँकर एकटा संपवणारा माणूस! हा आकडा मी सेक्रेटरींना कळवलेला नाही.

रात्री नीट अभ्यास करायला बसलो आणि भलतीकडेच गेलो. जॉन हॅरिंग्टन म्हणून एक इंग्रज होता, एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र, त्याने १५९६ मध्येच फ्लशच्या संडासाची रचना छापून टाकली होती. संडासाखाली पाणी धरून ठेवणारा तो नागमोडी वाक असतो ना, ज्यामुळे वास वर येत नाही, त्याचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंगने घेतलं, आणि हा गडी घड्याळजी होता. म्हटलं घड्याळजीला जमतं तर मी तर इंजिनिअर आहे. कॉम्प्युटरचा का असेना.

बुधवारी झाकण काढलं. आत बघितलं तर प्रकार सोपा असतो हो. एका बाजूला फ्लोट, पाणी चढलं की तो वर येतो आणि येणारं पाणी बंद करतो, मधोमध एक उभी नळी, तिच्या बुडाशी रबरी वॉशर, बटण दाबलं की नळी उचलली जाते आणि पाणी खाली धबाबा. आमचा वॉशर टँकरच्या बोअरच्या पाण्याने पांढरा पडून पापडासारखा कडक झाला होता. तो रुमालात गुंडाळला आणि हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"वॉशर द्या."

"कशाचा?"

"टाकीचा."

"कुठली टाकी?"

"पांढरी."

दुकानदार काकांनी माझ्याकडे बघितलं, मग नमुना मागितला. मी दिला. त्यांनी तो बोटांत फिरवला, उजेडात धरला, दाबून बघितला आणि मग विचारलं, "काढला कुठून हा?" मी सांगितलं. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि हात पँटला पुसले. म्हणाले, वॉशर वीस रुपये, पण मी तुमच्या जागी असतो तर पूर्ण सेटच टाकला असता, साडेचारशेला. मला वाटलं गिऱ्हाईक बघून बोलतायत. वीसवाला घेतला.

बसवताना म्हटलं कॉक अजून थोडा घट्ट करू. सहा महिने दिवसातून वीस वेळा पिळलेला तो बिचारा कॉक, मुठीसकट माझ्या हातात आला आणि मागून पाणी थेट चष्म्यावर. मी अंगठा लावून बसलो आणि ओरडलो. बायकोने तिच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. सासरेबुवा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत.

"जावईबापू, विसर्ग किती आहे?"

मी म्हटलं खूप आहे. ते म्हणाले खूप म्हणजे आकडा सांगा. मग चिरंजिवांनी मला अंगठा काढायला लावून बादली धरून मोजलं, पंधरा लिटरची बादली एका मिनिटात. सासरेबुवांनी पलीकडे कागद घेतला. "सेकंदाला २८ लिटर म्हणजे एक क्युसेक. तुमचं पाव लिटर. अहो, क्युसेकचा शंभरावा भागसुद्धा नाही, याला विसर्ग म्हणत नाहीत, हा पाझर!" आणि मग पानशेतचा कुठलासा किस्सा सुरू केला, तो संपल्यावर जाता जाता म्हणाले की गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केलात ना? तोपर्यंत पॅसेजमधली पायपुसणी तरंगत होती.

संध्याकाळी प्लंबरदादा आले. नवा अँगल कॉक, टेफ्लॉन टेपचे चार वेढे, आणि टाकीत पूर्ण सेट, साडेचारशेवालाच. पाच मिनिटं लागली असतील. माझा वॉशर हातात घेऊन म्हणाले, "हा उलटा कुणी बसवला?"

"होता एक प्लंबर," मी म्हटलं, "अगदीच अडाणी निघाला."

"साहेब, बिल्डिंग झाल्यापासून इथलं सगळं काम मीच करतो."

यावर मी चहा विचारला. त्यांनी अर्धा कप घेतला आणि अठराशे रुपये.

रात्री आवाज नाही. सकाळी सहाला उठून गेलो, मोठ्या ऐटीत बटण दाबलं. टुक्. पाणीच नाही. परत दाबलं. टुक्. टाकी कोरडी! अरे अठराशे रुपये दिलेत, म्हणून तिथूनच ओरडलो, तर आईचा स्वयंपाकघरातून आवाज आला, "कॉक उघड आधी. मी बंद केलाय. मी नाही बाई विसरत तुमच्यासारखी."