सीलबंद लाइफ राफ्ट म्हणजे सज्ज लाइफ राफ्ट नव्हे

‘लाइफ राफ्टचा, म्हणजे जीव वाचवणाऱ्या फुगणाऱ्या तराफ्याचा, डबा कारखान्यातून सीलबंद येतो, खलाशाने तो स्वतः उघडू नये, म्हणून दरवर्षी तपासणीवर पैसे घालवण्याची गरज नाही, जहाज बुडाले की तो आपोआप सुटून फुगतो आणि आत अन्नपाण्यासह सगळे असते,’ असा मजकूर खलाशांमध्ये आणि शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांमध्ये फिरतो आहे. यावर विसंबणाऱ्याच्या जिवाला धोका आहे, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे आवश्यक वाटते.

डबा सीलबंद असला तरी हवाबंद नसतो. आत साचणारे पाणी निघून जावे म्हणून त्याच्या तळाला छिद्रे असतात, आणि खारी हवा, ऊन व सततची थरथर यांमुळे घडी घातलेले कापड व सांधे झिजतात. म्हणूनच समुद्रातील जीवितसुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार मान्यताप्राप्त केंद्रात साधारणपणे दर 12 महिन्यांनी तपासणी करावी लागते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 हा बार्ज (कामगारांच्या निवासाची सपाट तळाची नौका) मुंबईजवळच्या समुद्रात बुडाला, तेव्हा बरेच तराफे फुटलेले होते असे वाचलेल्यांनी सांगितले होते. खलाशाने डबा स्वतः उघडू नये, एवढे मात्र त्या मजकुराचे खरे आहे.

‘आपोआप’ या शब्दाने सर्वांत मोठी फसगत होते. पाण्याच्या दाबाने चालणारे हायड्रोस्टॅटिक रिलीज साधारण चार मीटर खोलीच्या आत डब्याचा पट्टा सोडते, डबा वर येतो, बुडणारे जहाज पेंटर, म्हणजे तराफा जहाजाला जोडणारी दोरी, ओढत नेते, तिला ताण बसला की सिलिंडरमधील वायू सुटून तराफा फुगतो आणि शेवटी दोरीचा मुद्दाम कमकुवत ठेवलेला जोड तुटून तो जहाजापासून वेगळा होतो. या साखळीतली एक कडी चुकली तरी उपयोग नाही. दोरी कशालाच बांधलेली नसेल तर डबा न फुगता तरंगत राहतो. कमकुवत जोड टाळून ती थेट डेकला बांधली तर फुगलेला तराफा जहाजाबरोबर खाली खेचला जातो. डब्यावर जाळी रचली किंवा आणखी एक दोर आवळला तर तो सुटतच नाही. एकदाच वापरायची अनेक रिलीज दोन वर्षांनी बदलावी लागतात आणि त्यांची मुदत त्यांच्यावरच नोंदलेली असते. ती वाचायला एक मिनिटही लागत नाही. शिवाय नौका उथळ पाण्यात कलंडली किंवा अर्धवट तरंगत राहिली तर रिलीजला हवा तेवढा दाब मिळत नाही, त्यामुळे पेंटर बांधल्याची खात्री करून डबा हाताने पाण्यात टाकण्याचा सराव प्रत्येकाला हवा.

आतले साहित्य डब्यावर लिहिलेल्या प्रकारावर ठरते. सोलास ‘ए’ संचात माणशी दीड लिटर पाणी आणि 10,000 किलोज्यूलचे अन्न असते, तर ‘बी’ संचात दोन्ही नसतात. संकटात ठिकाण कळवणारे ईपर्ब हे यंत्र यांपैकी कोणत्याही संचाचा नेहमीचा भाग नसते. ते, हातातला व्हीएचएफ रेडिओ, जादा पाणी आणि नेहमीची औषधे एका जलरोधक पिशवीत भरून ती तराफ्याच्या वाटेवर, सहज हाती लागेल अशी ठेवावी. समुद्र लागू नये म्हणून दिलेली गोळी मात्र तराफ्यात पाऊल ठेवताच घ्यावी, कारण उलट्यांनी शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते.