रीमॅप केलेल्या गाडीचा ईसीएम ‘गेला’ म्हणण्याआधी

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, आणि रीमॅप म्हणजे पिकअप वाढवायला त्यातलं सॉफ्टवेअर बदलणं, म्हणजेच ट्यूनिंग. गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘रीमॅप केलेल्या गाडीचा चेक लाइट लागला आणि पिकअप गेला की समजा ईसीएम गेला. एक रात्र बॅटरीची वायर काढून ठेवा, ट्यूनिंग पुसलं जाईल. तरीही नाही जमलं तर नाद सोडा, ईसीएम दुरुस्त होत नसतो. कुर्ल्याहून त्याच मॉडेलचा जुना आणून लावा.’

मुंबईत भांडुपला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ईसीएम तपासणं, उघडणं, दुरुस्त करणं हेच काम. या मेसेजपायी लोकांचे पैसे बुडताना बघतो आणि जीव तुटतो. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेतो.

पहिलं, ‘चेक लाइट लागला म्हणजे ईसीएम गेला’. जुलैत विक्रोळीहून एक डिझेल सेडान टो करून आली. दोन वर्षांपूर्वी रीमॅप केलेली. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचं), रेल प्रेशर (डिझेलचं), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असे एकदम बिघाडाचे तीन-चार कोड. आधीच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, एवढे सेन्सर एकाच वेळी कसे जातील, ईसीएमच उडालाय. त्याचा पहिला अर्धा बरोबर होता. एवढे सेन्सर एकदम जात नाहीत. पण या सेन्सरांना ईसीएमकडून पाच व्होल्टचा पुरवठा होतो आणि त्यातले बरेच एकाच लाइनवर असतात. एक सेन्सर शॉर्ट झाला की ती अख्खी लाइन खाली बसते आणि बाकीचे उगाच बदनाम होतात.

मल्टिमीटर लावला. पाचच्या जागी 0.8 व्होल्ट. मग मीटर तसाच लावून ठेवून एकेक सॉकेट काढत गेलो. बूस्ट सेन्सर काढला, फरक नाही. रेल सेन्सर, ईजीआर, फरक नाही. शेवटी एसीच्या गॅसचं प्रेशर मोजणारा सेन्सर काढला आणि आकडा एकदम 5.01 वर. हा सेन्सर पुढे कंडेन्सरजवळ बसतो, रस्त्यातलं पाणी थेट त्याच्यावर उडतं. सॉकेटमध्ये तिन्ही पिनांभोवती हिरवा चुरा साचला होता. सेन्सर बदलला, सॉकेट नवं जोडलं, गाडी त्याच संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी गेली. ईसीएमला हातही लावावा लागला नाही, रीमॅपलाही नाही.

अर्थिंगचंही असंच. नुसता मल्टिमीटर लावून ‘बारा व्होल्ट येतायत’ म्हणणं पुरत नाही. सडलेल्या वायरीतून मीटरपुरता करंट जातोच. ईसीएमचं सॉकेट काढून त्याच्या पॉवर आणि अर्थच्या पिनांमध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावून बघा. मीटर 12.4 दाखवतोय आणि बल्ब नुसता लालसर होतोय, म्हणजे दोष वायरीत, रिलेत नाहीतर बॉडीला कसलेल्या अर्थच्या बोल्टखाली आहे. स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल तर आधी बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्या) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तिथे कॅन लाइन, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी असते आणि साधारण 60 ओहम यायला हवा. 120 आला तर लाइन कुठेतरी तुटली आहे किंवा एक टोक सुटलं आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे.

दुसरं, बॅटरी काढून ट्यूनिंग पुसणं. असं होत नाही. रीमॅपची फाइल फ्लॅश मेमरीत लिहिलेली असते आणि ती मेमरी वीज गेली तरी टिकते. बॅटरी काढल्यावर जातं ते फार तर आयडलिंगसारखं ईसीएमनं चालता चालता शिकलेलं थोडंसं, आणि काही गाड्यांत साठलेले कोडही. म्हणजे तपासायला जो धागा हाती होता तोच आपण पुसून टाकतो. इंजिन चालू असताना तर बॅटरीची वायर कधीच काढू नका. अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि चांगला ईसीएमही त्यात जाऊ शकतो.

ट्यूनिंगवर खरंच संशय असेल तर कंपनीची मूळ फाइल परत टाकून बघावी. ती टाकताना गाडीला चांगला चार्जर लावलेला हवा. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं की ईसीएम मुका होतो. तोही बहुतेक वेळा गाडीतून काढून टेबलावर, बूट मोडमध्ये म्हणजे थेट प्रोसेसरशी बोलून, परत जिवंत करता येतो. P0601 हा कोड असेल तर मात्र फाइलकडे आधी बघा. मेमरीचा चेकसम, म्हणजे आतला डेटा बरोबर आहे का हे पडताळायची बेरीज, जुळत नाही असा त्याचा अर्थ. फाइल बदलणाऱ्यानं चेकसम नीट केला नसेल तर हाच कोड येतो.

आता मेसेजमधलं जे खरं आहे तेही सांगतो. रीमॅप केलेले ईसीएम बिघडून जास्त येतात, तेही पावसाळ्यात, हा माझाही अनुभव आहे. पण त्याचं कारण सॉफ्टवेअर नाही, झाकण आहे. बॉशच्या ईडीसी 17 सारख्या ईसीएममध्ये मेमरी प्रोसेसरच्या आतच असते आणि ती वाचायला अनेकदा बॉक्स उघडावा लागतो. कंपनीचं सील एकदा कापलं की परत तसंच बंद करणं हे वेगळं कसब आहे. पुष्कळ जण हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन फासतात. बॉक्स उघडताच व्हिनेगरचा वास आला की मी समजतो. ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि बंद डब्यात ते तांब्यावर बसतं. वर एखादी फट राहिली तर ओल आलीच. असाच एक बोर्ड गेल्या महिन्यात भिंगाखाली घेतला, तर कडेची पिन बोटाच्या नुसत्या स्पर्शानं गळून पडली. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचं न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, तेच वापरायला हवं. ट्यूनरला एवढं विचारा: बॉक्स उघडणार का, आणि उघडलात तर कशानं बंद करणार?

‘दुरुस्त होत नसतो’ हे तिसरं. इंजेक्टरचा ड्रायव्हर जळणं, कपॅसिटर फुगणं, रेग्युलेटर जाणं, सॉकेटच्या पिनेचा सोल्डर तडकणं, हे सगळं दुरुस्त होतं. पार्ट लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात, नाहीतर दुसऱ्या निकामी ईसीएमच्या बोर्डावरून काढता येतात. ओला झालेला बोर्ड तांदळात ठेवू नका. बॅटरी सोडवा, ईसीएम काढा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं धुऊन घ्या, आणि हे जितकं लवकर तितकं चांगलं. न होणारी कामंही आहेत. प्रोसेसर मेला किंवा बोर्डाच्या आतल्या थरांना गंज लागला तर मी नाही म्हणतो. सिरॅमिक बोर्डावर जेलखाली केसाएवढ्या तारा असतात, त्यांना सोल्डरिंग आयर्न लावणाऱ्यापासूनही लांब राहा.

राहिला कुर्ल्याचा जुना ईसीएम. तिथल्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून मीही घेतो, पण तो आणून लावला की गाडी चालू होईल असं नाही. इमोबिलायझरमुळे, म्हणजे गाडीतल्या चोरीविरोधी यंत्रणेमुळे, ईसीएम आपल्या गाडीची चावी ओळखतो, परक्या गाडीची नाही. बऱ्याच गाड्यांत स्टार्टर फिरतो आणि इंजिन पकडत नाही, किंवा पकडून लगेच बंद पडतं. स्टिकरवरचा हार्डवेअर नंबर तंतोतंत जुळायला हवा आणि आपल्या जुन्या ईसीएममधल्या फ्लॅश आणि ईईप्रॉम या दोन्ही मेमरींतला डेटा त्यात उतरवायला हवा. म्हणून ‘मेलेला’ ईसीएम भंगारात देऊ नका. गाडी चालवण्याइतका तो राहिला नसला तरी त्यातला डेटा अनेकदा वाचता येतो.

विक्रोळीच्या त्या गाडीवाल्यांना मी एकच काम सांगितलं होतं: ट्यूनरकडून रीमॅपच्या आधीची मूळ फाइल मागून आणा. त्यांच्या नशिबानं ट्यूनरनं ती जपून ठेवली होती. आता ती एका पेन ड्राइव्हवर, आरसी बुकाच्या पाकिटात आहे.