ठोस गरजांची जर्मन

परकीय भाषा कशी शिकवावी हे सांगणाऱ्या पुस्तकांतील चित्रांत विद्यार्थी अर्धवर्तुळात बसलेले असतात आणि शिक्षक मध्यभागी प्रसन्न मुद्रेने उभा असतो. पुण्यातील शाळेत जर्मन शिकवू इच्छिणाऱ्याने ते चित्र एकदा डोळे भरून पाहावे आणि पुस्तक मिटावे. आठवीत तुकडीची वाटणी झाली की संस्कृतची मुले आपल्या बाकांवरच बसून राहतात, फ्रेंचला संगणकाची खोली मिळते आणि जर्मनची मुले दप्तरे पाठीला लावून, खडू व डस्टर सांभाळणाऱ्या शिक्षिकेच्या मागोमाग, त्या दिवशी रिकामी सापडेल ती खोली शोधत फिरतात. पस्तीस मिनिटांच्या तासाचा बराचसा भाग या तीर्थयात्रेतच खर्च होतो. प्रयोगशाळा मिळाली तर मात्र दवडू नये, कारण हाडांच्या सांगाड्यासमोर शरीराच्या अवयवांचा पाठ जसा वठतो तसा अन्यत्र वठत नाही.

विजेवर चालणाऱ्या कोणत्याही साधनावर विसंबू नये. भिंतीवरील डिजिटल फळ्याचा पासवर्ड ज्यांना ठाऊक असतो ते गृहस्थ हटकून रजेवर असतात. श्रवणाचा पाठ मी दोन आवाज काढून स्वतःच वाचते, आणि त्यातील रेल्वे कर्मचाऱ्याचा आवाज मुलांना माझ्या मूळ आवाजापेक्षा अधिक आवडतो.

खरी अडचण पुढेच आहे. पाठ्यपुस्तकातील मुलगा म्युनिकची गाडी कोणत्या फलाटावरून सुटते असे विचारतो, आणि आमच्या मुलाला स्वारगेटहून कात्रजला जायचे असते. ज्या वाक्यावाचून आपले काहीही अडत नाही, ते वाक्य कोणतेही शहाणे मूल परीक्षेपलीकडे लक्षात ठेवत नाही. युरोप परिषदेने 2001 मध्ये भाषाज्ञानाची जी चौकट प्रसिद्ध केली आणि जिच्यामुळे आज लहान मुलेही आपली ‘ए-वन’ झाल्याचे सांगतात, तिच्यात या पहिल्या पायरीचे वर्णन करताना ठोस स्वरूपाच्या गरजा भागवणारी साधी वाक्ये समजणे व वापरणे, असेच म्हटले आहे. परिषदेच्या मनात नेमके काय होते ते असो. पण आठवीच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला सर्वांत ठोस गरज कोणती असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात नियम होतो की, बाहेर जायची परवानगी जर्मनमध्येच मागायची. ‘डार्फ इश बिट्टे आउफ दी ट्वालेट्टे गेएन?’ या एका वाक्यात काय नाही? सहायक क्रियापद आहे, नम्रता आहे, आणि मुख्य क्रियापद मराठीप्रमाणे अगदी शेवटी आले आहे, जे निबंधात शेवटी लिहा म्हणून मी कंठशोष केला असता तरी कोणी लिहिले नसते. क्रियापद मध्येच घुसवले तर मी भुवया उंचावते आणि मूल एका पायावरून दुसऱ्या पायावर होत वाक्य दुरुस्त करते. व्याकरणाची इतकी कळकळ मी अन्यत्र पाहिलेली नाही. पर्यवेक्षिकाबाईंनी मात्र ‘तुमच्याच तासाला मुले इतकी बाहेर का दिसतात?’ असे लेखी विचारले आहे. हा सराव आहे, असे उत्तर मी लेखीच दिले आहे.

हाच न्याय अंकांना लावावा. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक आणि मग वीस म्हणतो, म्हणजे मराठी माणसासारखेच बोलतो. पण आमची मुले ‘ट्वेंटी वन’वर वाढलेली असल्याने हा शेजारधर्म त्यांना कळत नाही. याच शहरात मुख्यालय असलेल्या बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उडाला होता. जर्मनीतही आधी वीस आणि मग एक म्हणावे असा आग्रह धरणारी मंडळी आहेत आणि त्यांनी त्यासाठी रीतसर संघटना काढली आहे, हे समजल्यावर मला त्या देशाविषयी सदाशिव पेठेइतकाच जिव्हाळा वाटू लागला. तर, हजेरी जर्मन अंकांत घ्यावी आणि आपला क्रमांक ओळखू न येणाऱ्याची गैरहजेरी मांडण्याची तयारी दाखवावी. सुरुवातीला चोविसाला पुकारले की बेचाळीसही उभा राहतो, पण गैरहजेरीचा संदेश आईच्या मोबाइलवर जातो हे कळल्यावर एककदशकांचा हा गोंधळ आपोआप निवळतो.

उसने पेन मागणे ही तिसरी ठोस गरज. जर्मनमध्ये द्वितीयेत फक्त पुल्लिंगी नामाचे उपपद बदलते आणि पेन तिथे पुल्लिंगी आहे, त्यामुळे ‘आइनेन’ म्हटल्याखेरीज कोणी पेन द्यायचे नाही, असा ठराव वर्गाने संमत केला. तीन लिंगे मराठीतही असल्याने हे सोपे जाईल, असे मी समजावू लागले, तेव्हा मराठीत तो पेन की ते पेन यावर दोन तट पडले, एका मुलीने आजीची साक्ष काढली, आणि तास संपला तेव्हा कोणाच्याही हातात पेन नव्हते.

पालकसभेविषयी थोडक्यातच सांगते. संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी मिळतात, मग जर्मनमध्ये किती, हा पहिला प्रश्न, आणि जर्मनीत शिक्षण फुकट असते ना, हा दुसरा. पहिल्याला हसावे. दुसऱ्याला बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून प्रत्येक सत्राला 1500 युरो भरावे लागतात, हे शांतपणे सांगावे, म्हणजे पुढचे पालक आपोआप जवळ येतात.

परवाच्या सभेत जवळ आलेले गृहस्थ चाकणला नोकरी करतात. त्यांच्या कंपनीचे जर्मन साहेब जेवायला घरी आले होते आणि तीन वर्षे जर्मन शिकणाऱ्या चिरंजीवांना सर्वांसमोर उभे करण्यात आले होते. चिरंजीव आधी गप्प राहिले, मग त्यांनी एका दमात, क्रियापद शेवटी ठेवून, स्वतःच्याच घरात संडासला जायची परवानगी मागितली. साहेबांनी उच्चारांचे मनापासून कौतुक करून ती दिली. ‘मॅडम, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले हो,’ असे म्हणून ते गृहस्थ क्षणभर थांबले, आणि हा प्रश्न वार्षिक परीक्षेला किती गुणांना असतो, अशी चौकशी त्यांनी केली.