मिसरातल्या काकड्या आणि मामांचा टिपर

"मागचं सोडा, देव नवीन काहीतरी करतोय." नववर्षाच्या उपासनेत हे ऐकलं नाही असं वर्ष मला आठवत नाही. बायबलातल्या यशया संदेष्ट्याचा त्रेचाळिसावा अध्याय निघतो, लोक डोळे पुसतात, आमेन म्हणतात. मीही म्हणते. पण मागचं म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. बहुतेकांच्या मनात पाप असतं, भावकीतलं भांडण असतं, मोडलेलं लग्न असतं. माझं मत असं की वाईट दिवस माणूस उशिरा का होईना, सोडतो. सुटत नाहीत ते चांगले दिवस.

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या, खाणपट्ट्यातल्या लोकांना हे जास्त समजवायला नको. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा सगळं ठप्प. माझ्या मामांचा टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, तेव्हापासून घराशेजारी फणसाखाली उभा आहे. नगरकडून ड्रायव्हर म्हणून आलेला माणूस, स्वतःच्या नावावर गाडी म्हणजे केवढा मान! वर ताडपत्री, मागच्या चाकांत गवत, बॅटरी काढून घरात कॉटखाली. भंगारवाला आला की मामा त्याला चहा पाजतात आणि वाटेला लावतात. पावसाळा सरला की "औंदा सुरू होतंय बघ". प्रार्थना सभेत त्यांची विनंतीही ठरलेली.

तेव्हाची धूळ मात्र कुणाला आठवत नाही. खिडक्या लावल्या तरी ताटातल्या भातावर बसणारी ती तांबडी धूळ, शेतात उतरलेला खाणीचा गाळ. इस्राएल लोकांचंही तेच झालं. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटले, पण रानात देवाने दिलेलं मान्ना हे अन्न रोज खाऊन कंटाळले तेव्हा त्यांना मिसर आठवला: फुकटची मासळी, काकड्या, कलिंगडं, कांदे, लसूण. (मासळी पहिली. गोव्यात राहून मला हे फार पटतं.) मुकादमांचा मार त्या यादीत नाही.

प्रेषित पौलाचं बघा. मागचं विसरून पुढे धावतो असं तो फिलिप्पैकरांना लिहितो, ते आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. पण त्याच अध्यायात तो आधी काय मोजतो? आपलं कुळ, आपलं परूशीपण (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातलं असणं), नियमशास्त्रातलं निर्दोष वागणं. तो केरात टाकतोय ती त्याची मिरवायची गोष्ट आहे.

मामांच्या घरी टीव्हीच्या वर यिर्मया २९:११ ची फ्रेम आहे. देवाचे संकल्प हिताचे आहेत, भविष्याची आशा देणारे आहेत, वगैरे. ते वचन यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. हनन्या नावाचा संदेष्टा तेव्हा सांगत होता, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तोच आवडत असणार. यिर्मयाने सांगितलं, सत्तर वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी यरुशलेम पुन्हा बघायचंच नव्हतं. आणि पाचव्या वचनातली आज्ञा कोणती, तर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. तिथेच, परक्यांच्या मुलखात.

रडू नका, असं कुणी म्हटलेलं नाही. बाबेलच्या नद्यांकाठी वीणा झाडांना टांगून रडलेल्या लोकांचं गीत स्तोत्रसंहितेत आहेच की, १३७ वं. दुःख करणं वेगळं आणि परतीच्या वाटेवर बोचकं बांधून बसणं वेगळं. देवावर भरवसा ठेवतो म्हणताना आपण पुष्कळदा आपलीच जुनी वाट त्याच्या हातात देतो आणि सही मागतो.

मामी बस स्टँडजवळ गाडा लावते. पातळभाजी, पाव, मिरची भजी. पहाटे चारला उठून वाटाणे शिजवते, आणि टिपरचे शेवटचे हप्ते त्याच गाड्यावर फिटले. हीच जागा देवाने दाखवली का, असं मी तिला एकदा विचारलं. म्हणाली, "पहिल्या बसला गिऱ्हाईक असतं इथं."

माझी तक्रार मामांबद्दल नाही, पत्राचं एकच वचन वाचून दाखवणाऱ्यांबद्दल आहे. आपल्याकडे उपासनेत देवाने काय केलं याची साक्ष द्यायला उभं करतात ते गेलेलं परत मिळालेल्यांना. नोकरी परत मिळाली, जमीन परत मिळाली, हालेलुया. मामीला अजून कुणी बोलावलेलं नाही.