दोन वेळा जेवा, पण सकाळच्या गोळीचं काय?

महाराष्ट्रात २०१८च्या सुमारास जेवणावरून जो वाद पेटला तो अजून धुमसतो आहे. एका बाजूला लठ्ठपणा आणि मधुमेह टाळण्यासाठीचं डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सूत्र: कडकडीत भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा आग्रह. घराघरांत दोन तट पडले. ‘इन्सुलिन’ हा शब्द लग्नाच्या पंगतीत ऐकू यायला लागला, हे त्या वादाचं देणं मानायलाच हवं. पण इंग्लंडमधून तो वाद वाचताना एक गोष्ट सतत खटकते. किती वेळा जेवायचं यावर रान उठलं. मधुमेहासाठी सकाळी घ्यायच्या गोळीचं काय करायचं, हे मात्र मागे पडलं. दीक्षित स्वतः सुरुवातीला फास्टिंग (उपाशीपोटीचं) इन्सुलिन आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासायला सांगतात. व्हॉट्सॲपवर फिरताना तेवढंच नेमकं गळून पडतं.

ही गोळी बहुधा ग्लिमेपिराइडची असते, आणि आपल्याकडे ती पुष्कळदा मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिळते, त्यामुळे ती आपण घेतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. ती स्वादुपिंडाला पिळून रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन बाहेर काढते. पोटात अन्न आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. आठला गोळी आणि साडेआठला पोहे असा बेत असतो तोवर सगळं सुरळीत. आता पोहे बंद झाले, पहिलं जेवण एक वाजता, गोळी मात्र सवयीनं आठलाच. अकरा-साडेअकराला दरदरून घाम, हातांना कंप, चिडचिड. त्यात रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर कंप आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा उरतो. साखर ७०च्या खाली गेली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. हे माहीत नसलेला माणूस ‘शरीर शुद्ध होतंय’ अशी समजूत करून घेऊन पडून राहतो.

दुसरी गफलत नव्या गोळ्यांची. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२०मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५मध्ये. किमती कोसळल्या आणि या गोळ्या घराघरांत गेल्या. चांगल्याच गोळ्या आहेत. हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना जपतात. पण त्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. अशा वेळी भात-पोळी जवळपास बंद केली किंवा कडक उपास धरला, तर शरीर चरबी जाळून कीटोन नावाची आम्लं बनवत सुटतं आणि रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. यातली मेख अशी की साखर फारशी वाढलेली नसते. घरच्या मीटरवर दीडशे-दोनशेचा आकडा पाहून सगळे निर्धास्त, आणि रुग्णाला मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास. अशा वेळी रक्तातले कीटोन तपासावे लागतात. जेवण जात नसेल किंवा उलट्या होत असतील तर ही गोळी तेवढे दिवस थांबवायची, हे ती लिहून देतानाच सांगायला हवं.

आता इथलं, ब्रिटनमधलं, पाहा. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांच्या ‘डायरेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१७च्या अखेरीस आले. रोज ८२५ ते ८५३ कॅलरींचं पातळ खाणं, तीन ते पाच महिने. वर्षाअखेरीला ४६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन पंधरा किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेनं यातूनच कार्यक्रम बांधला: बारा आठवडे रोज ८०० ते ९०० कॅलरींची सूप आणि शेक, मग हळूहळू नेहमीचं जेवण, एकूण वर्षभर पाठपुरावा. निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, १८ ते ६५ वयाचे लोक घेतात. बीएमआयची (उंचीच्या मानानं वजनाच्या आकड्याची) अट गोऱ्यांसाठी २७, आपल्यासारख्यांसाठी २५. इन्सुलिनवर असलेल्यांना घेत नाहीत.

यात निसर्ग कुठे आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. पुडीतली पूड पाण्यात कालवून पिणं याला सात्त्विक आहार कुणी म्हणणार नाही. पण मला त्यातलं एकच पान महत्त्वाचं वाटतं: रुग्णाला पाठवताना जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, भरायचा अर्ज. कुठली गोळी पहिल्या दिवसापासून बंद, कुठली चालू, रक्तदाबाचं काय, हे त्यात आधीच लिहिलेलं असतं. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या आणि ग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद होतात. खाणं कमी झालं की पहिल्या पंधरवड्यातच रक्तदाब उतरतो आणि उठून उभं राहताना भोवळ येते, म्हणून त्या गोळ्यांचाही हिशेब आधीच झालेला असतो. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदा तपासलेला आहे ना, हेही पाहायचं. साखर फार झपाट्यानं उतरली तर पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो.

म्हणजे दोन वेळा की आठ वेळा, हा वाद मला दुय्यम वाटतो. दोन्हींनी वजन उतरू शकतं आणि उतरलेल्या वजनाला ते कुठल्या पंथानं उतरलं याची फिकीर नसते. आहार बदलला की औषध बदलावं लागतं, आणि ते खोडणारा माणूस ठरलेला हवा. महाराष्ट्रात होमिओपॅथांना वर्षभराच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधं लिहू द्यायची का, यावरून सप्टेंबर २०२५मध्ये डॉक्टरांचा संप झाला. लिहिण्याचा हक्क कुणाला, यासाठी रस्त्यावर उतरणारे पुष्कळ आहेत. खोडण्याची जबाबदारी घेतो म्हणून भांडायला अजून कुणी आलेलं नाही. इथं हे काम अनेकदा जीपीच्या दवाखान्यात बसणारा फार्मासिस्ट करतो. ठरवून वेळ देतो आणि यादीतली एकेक गोळी ‘ही कशासाठी?’ म्हणून विचारतो.

शब्दांचाही घोळ आहे. आपल्याकडे फलक ‘मधुमेहमुक्ती’चे लागतात. मुक्ती म्हटलं की परतीचा प्रवास नाही. ‘डायरेक्ट’मध्येच दुसऱ्या वर्षी ४६चे ३६ टक्के झाले. इथं शब्द ‘रेमिशन’ वापरतात: औषध थांबवल्यावर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली. डोळे, पाय, मूत्रपिंड यांची वार्षिक तपासणी त्यानंतरही चालूच राहते. गंमत म्हणजे आपल्या वैद्यकात यासाठी केव्हाचा नेमका शब्द आहे. मधुमेह ज्या रोगगटात मोडतो त्या प्रमेहाबद्दल चरकानं कफज प्रमेह साध्य, पित्तज याप्य आणि वातज असाध्य असं स्वच्छ सांगितलंय. याप्य म्हणजे पथ्य-औषध चालू आहे तोवर ताब्यात राहणारा, सोडलं की उलटणारा. चरकाचं चित्र लावून मुक्ती विकणाऱ्या जाहिरातींत हा शब्द शोधूनही सापडत नाही.

जाहिरातींवरच्या नियमाची कथा थोडक्यात अशी. डिसेंबर २०१८मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम आला: आयुष औषधांची जाहिरात करण्याआधी परवानगी घ्या. जुलै २०२४मध्ये केंद्रानं तो काढून टाकला, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या काढण्यालाच स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मूळ याचिका निकाली निघाल्यावर स्थगितीही गेली. उरला १९५४चा जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, लठ्ठपणा ही सगळी नावं त्याच्या यादीत आहेत. कायदा आहे, यादी आहे, आणि रविवारची पुरवणीही आहे.

ब्रिटनमध्ये वनस्पतीजन्य औषधाची नोंदणी होते ती तीस वर्षांच्या वापराच्या पुराव्यावर, आणि फक्त किरकोळ तक्रारींसाठी. लेबलवर ‘केवळ दीर्घकालीन वापराच्या आधारे’ अशा अर्थाचं वाक्य छापावंच लागतं. मधुमेहाचं नावही घालता येत नाही. मात्र तीच वनस्पती ‘फूड सप्लिमेंट’ म्हणून बाटलीत भरली की ही सगळी चाळणी चुकवता येते, आणि अश्वगंधा, हळद या सर्रास त्याच दारानं येतात.

हळदीचंच गणित मांडू. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन हे तिचं मुख्य द्रव्य वजनाच्या साधारण तीन टक्के. चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम हळदीत सुमारे ९० मिलिग्रॅम. वरण चौघांत वाटलं की प्रत्येकाच्या ताटात वीस-बावीस. पाचशे मिलिग्रॅमच्या, ९५ टक्के अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५. म्हणजे वीसेक माणसांच्या वरणातली हळद एका घोटात, शिवाय शोषण वाढावं म्हणून मिऱ्याचा अर्क. बहुतेकांना काही होत नाही. काहींच्या यकृताला मात्र सूज येते. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी ऑगस्ट २०२३मध्ये याबाबत इशारा दिला. ‘आजी रोज हळद घालायची’ हा युक्तिवाद इथं लागू होत नाही, कारण आजी कॅप्सूल घालत नव्हती. गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात, २०२०च्या अखेरच्या चार महिन्यांत, मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वनस्पती नीट ओळखलेली नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा घोटाळा असेल. असेलही. पण मग ओळख पटवल्याशिवाय ती काढ्यात पडतेच कशी? लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, डोळे पिवळसर, जेवणावरची वासना गेलेली: यातलं काहीही दिसलं की आधी काढा-कॅप्सूल बंद आणि त्याच दिवशी लिव्हर फंक्शनची रक्ततपासणी.

मनाच्या आजारांत औषध आणि जीवनशैली यांची ही गाठ आणखी घट्ट बसते. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शनात सौम्य नैराश्याला पहिल्या फटक्यात गोळी देऊ नका असं म्हटलंय, रुग्णाला स्वतःला हवी असेल तर गोष्ट वेगळी. पर्यायांत गटातला व्यायामही आहे, आणि त्याला मात्रा आहे: मध्यम दमवणारा, आठवड्याला एकाहून जास्त वेळा, दहा आठवडे, साधारण आठ जणांचा गट. आपल्याकडे ‘जरा योग कर, मन प्रसन्न ठेव’ एवढ्यावर भागवतात. किती, किती दिवस, फरक पडला नाही तर पुढे काय, हे नसेल तर त्याला उपचार कसं म्हणायचं?

उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६मध्ये निसर्गोपचार आश्रम काढला तेव्हापासून मराठी माणसाला माती, पाणी आणि मितभोजन यांची ओळख आहे, आणि दहा दिवस मोबाइलशिवाय वेळेवर झोपून माणूस ताजातवाना होतो यात शंका नाही. धोका आहे तो सोबत आणलेल्या औषधांच्या डबीत. लिथियम हे मनोदशेच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध घेणाऱ्या माणसाचं मीठ एकदम बंद केलं तर मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं, आणि सोडियमच्या भरवशावर लिथियमही धरून ठेवतं. वर उपास, बाष्पस्नान, घाम. चार-पाच दिवसांत हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चाल अडखळते, बोलणं जड होतं. शिबिरात त्याला ‘विषं बाहेर पडताहेत’ म्हणतात. प्रत्यक्षात ती आत साठत असतात. अशा माणसाचं मीठ-पाणी नेहमीइतकंच ठेवायचं, आणि आहारात मोठा बदल करायचाच असेल तर आधी व नंतर रक्तातली पातळी मोजायची. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचं औषध शिबिराच्या पहिल्या दिवशी झटक्यात सोडलं, तर तिसऱ्या दिवशी डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चक्कर, झोप उडणं हे अनेकांना होतं. आजार परत आला असं समजून घरचे घाबरतात, किंवा औषधाचं व्यसनच होतं असं समजून संतापतात. डोस उतरवायला आठवडे लागतात, कधी महिने.

इंग्लंडची आरती ओवाळायचा हेतू नाही. इथं ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही पाटी कुणीही लावू शकतो. कायद्याचं संरक्षण फक्त ‘डाएटिशियन’ या पदाला. आयुर्वेदाच्या नावानं दुकान थाटणाऱ्याला सरकारी नोंदणी लागत नाही. याबाबत आपण पुढे आहोत: बीएएमएस झालेला वैद्य साडेपाच वर्षं शिकतो, परिषदेकडे नोंदला जातो, तक्रार कुठे करायची हे माहीत असतं. आणि समुपदेशनासाठी इथं जी वाट पाहावी लागते ती पाहता, १४४१६ फिरवला की टेली-मानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर मराठीत कुणी बोलतं ही साधी गोष्ट नाही.

राहता राहिली भारतातून येणाऱ्यांच्या सामानातली चूर्णं. बोस्टनमध्ये २००४ साली तपासलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, त्यावर बरीच ओरड झाली, आणि भारत सरकारनं १ जानेवारी २००६पासून निर्यातीच्या वनस्पतीजन्य औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची केली. पण मुलाकडे निघालेल्या आईच्या बॅगेतली पुडी निर्यातीत मोडत नाही. तिच्यावर ना बॅच नंबर, ना घटकांची यादी. फार तर स्केचपेननं लिहिलेलं ‘सकाळी १ चमचा’. शिसं अंगात साठलं की पोटात कळा येतात, शौचाला साफ होत नाही, हिमोग्लोबिन उतरतं. इथला डॉक्टर ‘कुठली औषधं घेता?’ म्हणून विचारतो, आई ‘काहीच नाही’ म्हणते, कारण चूर्ण तिच्या लेखी औषध नाहीच, आणि रक्तातल्या शिशाची तपासणी कुणाच्या डोक्यातही येत नाही.