किती गं चुका तुझ्या!

इंदूर, राजेंद्रनगर, फिजिओथेरपीचं क्लिनिक. आईचा गुडघा आत, मी बाहेर बाकावर, मांडीवर लॅपटॉप, त्यात अर्धवट प्रोग्रॅम. शेजारच्या काकांचा पेपर वाचून संपला, तसे ते माझा स्क्रीन वाचू लागले.

"बेटा, लाल रेघा फार दिसतायत. शुद्धलेखन कच्चं का गं?"

सगळा बाक माझ्याकडे वळला. म्हटलं, काका, ओळ अर्धीच टाइप झालीय, पूर्ण झाली की रेघ जाते.

"पण चुका काढतंय कोण? हा एडिटर?"

"नाही. एडिटर म्हणजे नुसती कोड लिहायची पाटी, त्याला ही भाषा येतच नाही. ग्लीम नावाची नवी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, तिचा कोड चालण्याजोगा करणारा जो कंपायलर, त्याच्याबरोबरच लँग्वेज सर्व्हर येतो. एडिटर त्याला विचारतो, तो सांगतो."

"मग एडिटर पगार कशाचा घेतो?"

आता सांगणं आलं. पूर्वी नव्या भाषेवाल्यानं व्हिम नावाच्या एडिटरसाठी वेगळं प्लगइन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, लिहायचं, ईमॅक्ससाठी वेगळं, एक्लिप्ससाठी वेगळं. दहा भाषा, दहा एडिटर, शंभर प्लगइन. भाषा करणारे दोनचार जण, ते भाषा कधी करणार? २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं रेड हॅट आणि कोडएन्व्हीच्या साथीनं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि सर्व्हरनं एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम, जाहीर केला. भाषेनं एक सर्व्हर लिहायचा, एडिटरनं प्रोटोकॉल शिकायचा. शंभराचं काम विसात.

"म्हणजे आमचं वधूवर मंडळ!" काका ओरडलेच. "घरोघर चहापोहे केले तर शंभर बैठका. मंडळाचे वीस फॉर्म भरले की झालं!"

मी ऑफिसात हेच सांगायला स्लाइड्स केल्या होत्या. कुणाला कळलं नव्हतं.

काका थांबेनात. "पण फॉर्मात रकाना नसला की पंचाईत हं. एक मुलगी सुंदर सतार वाजवायची. लिहिणार कुठे? 'इतर'मध्ये लिहिलं. 'इतर' कोण वाचतं?"

इथे मात्र मला त्यांचा राग येईना, कारण दुखणं तेच आहे. लीन नावाच्या भाषेत गणिताची सिद्धता लिहिताना अजून काय सिद्ध व्हायचं उरलंय ते शेजारी दिसावं लागतं. त्याला प्रोटोकॉलमध्ये रकाना नाही. लीनवाल्यांनी स्वतःचे जादा संदेश जोडले, आणि ते दाखवायला पुन्हा एडिटरगणिक वेगळा खटाटोप. शिवाय ओळीतली जागा मोजायची यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या हिशेबानं, जिथे एक साधा इमोजी दोन घरं अडवतो. रस्ट ही भाषा मजकूर यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत ठेवते, तरी तिनंही बसून हिशेब उलटा करायचा! मोजायचा दुसरा पर्याय मिळाला २०२२ मध्ये, प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीत. तोवर छोट्या भाषांनी निमूट मोजलं. फॉर्म ज्याचा, मोजपट्टी त्याची.

हे कुणाला सांगणार? आई लंगडत बाहेर आली होती आणि काका तिला माझा अहवाल देत होते.

"पोरगी हुशार आहे वहिनी, पण चुका फार. आमचा भाचा जावा करतो. त्याच्या स्क्रीनवर एक लाल रेघ दिसणार नाही."

"काय करतो तो?" आईनं विचारलं.

"आता मॅनेजर आहे."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ."