कर्ट वॉर्नर दुकानातून थेट सुपर बोलमध्ये गेला नव्हता
‘काल किराणा दुकानात कामाला, आज सुपर बोलचा विजेता’ अशी अमेरिकन फुटबॉलमधला माजी क्वार्टरबॅक (पास देणारा मुख्य खेळाडू) कर्ट वॉर्नर याची गोष्ट फिरत असते. सुपर बोल म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. ही गोष्ट अर्धवट आहे. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स संघाने सराव शिबिरातून नारळ दिल्यावर तो आयोवा राज्यातल्या ‘हाय-व्ही’ या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा, तासाला साडेपाच डॉलरवर. हे खरंच. पण मधली वर्षं कुठे गेली? १९९५ ते ९७ तो आयोवा बार्नस्टॉर्मर्स संघाकडून बंदिस्त स्टेडियममधल्या जेमतेम ५० यार्डांच्या, म्हणजे नेहमीपेक्षा निम्म्या मैदानावर खेळला. १९९८ मध्ये युरोपातल्या लीगमध्ये, ॲमस्टरडॅमच्या संघाकडून. मग अमेरिकेतल्या रॅम्स संघाचा राखीव खेळाडू. १९९९ मध्ये रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा दुखावला, तेव्हा कुठे त्याची वर्णी लागली. जानेवारी २००० मधल्या अंतिम सामन्यात त्याने ४१४ यार्डांचे पास दिले.